बांबूच्या दालनातली ती

“ताटावर बसलीस की तोंडाला एकच काम द्यायचं, देवू. खा, नाहीतर बोल. दोन्ही एकदम नाही.”

आत्याचं हे सांगणं मिरजेत राहिलं नाही, माझ्याबरोबर जर्मनीत बाड हॉम्बुर्गला आलं. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत माझं मौनभोजन असतं. पहिला घास तोंडात गेला की शेवटचं पाणी पिऊन ‘गोविंद’ म्हणेपर्यंत शब्द नाही, हुंकारही नाही. ताटात टाकून उठायचंही नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये लोकांना अवघडल्यासारखं होतं, म्हणून त्या महिन्यांत मी डबा घेऊन कुरपार्कमध्ये, गावातल्या मोठ्या बागेत, जाते. तिथे चेस्टनटखाली एक बाक आहे.

त्या दुपारी भुरभुर पाऊस होता. झाडाखाली तेवढं कोरडं. एक तरुण छत्री मिटत आला, जागा रिकामी आहे का असं त्याने जर्मनमध्ये विचारलं. घास तोंडात होता, मी नुसती मान डोलावली. तो बसला आणि फोनवर चक्क मराठीत बोलू लागला.

“नाही रे हृषिकेश, ती पडद्याआड आहे. बाहेर दिसते फक्त बाही. तेवढ्या बाहीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या जीव टाकतायत... हो, मीसुद्धा.” मग आवाज उगीचच खाली आणून, “ऐक ना, शेजारी एक बाई जेवतेय. मेथीचा वास येतोय रे. एक घास मागावा असं वाटतंय... नाही, बोलत नाही. जर्मन येत नसेल. डोळे मात्र — सुंदर आहेत.”

ठसका मी कसाबसा गिळला. सावकाश पोळी संपवली, पाणी प्यायले, गोविंद म्हटलं.

“भाजी दुधीची आहे,” मी म्हणाले. “मेथी फक्त फोडणीला.”

त्याने घाईने छत्री सावरली. मग फोनमध्ये हळूच म्हणाला, “हृषिकेश, ठेवतो. मी मेलो.”

त्याचं नाव यशोधन. सोलापूरचा. बाड हॉम्बुर्गमधल्याच एका अभ्यासकेंद्रात पीएचडी करत होता. विषय — जुन्या जपानी दरबारातली एक गोष्ट, आणि ती काळाबरोबर कुठकुठल्या रूपांत गेली ते.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी मी डब्यात दोन पोळ्या जास्त घेतल्या... का, ते मला विचारू नका.

“तुमच्याइतकं मन लावून माझं कुणी ऐकत नाही,” तो म्हणाला.

गोविंद झाल्यावर मी म्हटलं, “मन लावून कुठे, मला उठून जाता येत नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. असाच श्रोता हवा होता मला.”

गोष्ट अशी होती. राजवाड्यात बांबूच्या दालनात एक बाई राहते. तिच्याकडे एक सरदार येत असतो. एका संध्याकाळी त्याचा रथ तिच्या फाटकावरून पुढे जातो आणि दुसरीच्या दारात थांबतो. ही आत बसून चाकांचा आवाज ऐकते. बोलत मात्र काहीच नाही.

“आता गंमत बघा,” यशोधन म्हणायचा. “जुन्या चित्रगुंडाळीत तिचा मत्सर कसा दाखवलाय? नुसती भिजलेली बाही. पुढे नाटक झालं, तिथे तिच्या मुखवट्याला शिंगं फुटली. मग लाकडी ठशांची चित्रं आली, त्यांत ती केसांची बट दातांत धरते. मूकपटात तिने आरसा फोडला. मांगा कॉमिकमध्ये अर्धं पान नुसता एक डोळा. प्रत्येक काळाने तिला आपापल्या परीने जाळलंय.”

आता तो स्वतः त्या गोष्टीला आणखी एक रूप देणार होता. कागदी चित्रपाट लाकडी चौकटीत एकामागून एक सरकवायचे आणि शेजारी उभं राहून गोष्ट सांगायची. जपानमध्ये हा प्रकार आहेच. “आपल्या कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथीची मावसबहीण,” तो म्हणाला. फ्रँकफुर्टमध्ये ऑक्टोबरात प्रयोग ठरला होता. बाकी पाट तयार होते, मत्सराचा आणि त्यानंतरचा शेवटचा, हे दोन तेवढे जमत नव्हते.

मला त्या बाईचा राग येऊ लागला. कधीच्या काळातली, मुळात जन्मालाच न आलेली बाई... पण तो तिच्याबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज मऊ व्हायचा. माझ्या भाजीला तो नुसतं ‘मस्त’ म्हणायचा.

मग साएको आली. म्हणजे, त्याच्या बोलण्यात आली.

साएको त्याच्या पाटांची चित्रं काढायची. जन्म ड्युसेलडोर्फचा, घर ऑफेनबाखला. साएको म्हणाली की पदर — म्हणजे बाही — अशी पडायला हवी. साएकोने सात प्रकारची शाई मागवली. “साएको मला ‘याशो’ म्हणते, यशोधन तिला जमतच नाही,” तो म्हणाला.

याशो. मी पोळीचा तुकडा मोडला. त्याचे दोन केले. दोनाचे चार.

“काल साएकोकडे उशीर झाला, शेवटची गाडी चुकता चुकता राहिली.”

चाराचे आठ. त्या दिवशी माझ्या डब्यात मुंग्यांना वाढावं तसं वाढलेलं होतं. एकही तुकडा टाकायची सोय नाही, बोलायची सोय नाही. संध्याकाळी दिवा लावून जपाला बसले. माळेवर नाव विठ्ठलाचं सरकत होतं, मनात साएको. पांडुरंगा, म्हटलं, तूच बघ.

सप्टेंबर सरत आला तेव्हा एका दुपारी यशोधनच्या आधीच एक मुलगी बाकाशी आली. काळे केस कानापाशी कापलेले, बोटांना शाई, काखेत मोठी फाइल. मी शेवटचं पाणी पीतच होते. तिने माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहिलं.

“आल्झो, तर मग,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “हे ते हात.”

पाणी संपवून गोविंद म्हटलं. “कुठले हात?”

तिने फाइल उघडली. पाटावर बांबूचं दालन होतं. पडद्याबाहेर दूर रथाचं एक चाक. आणि आत ती बाई — चेहरा दिसतच नाही, पुढे भाताची वाटी, आणि ती एकेक शीत वेगळं करतेय. वाटीशेजारी शितांची रांग. बोटं मात्र माझी होती. करंगळी वळलेली, अंगठ्याजवळची भाजल्याची खूणसुद्धा.

“याशो मला किती दिवस हे हात सांगतोय,” साएको म्हणाली. “मी चेहरा विचारते, तो हात सांगतो. कंटाळले मी. शेवटचा पाट राहिलाय. तिने शितं मोजून झाल्यावर पुढे काय केलं ते. शनिवारी घरी येऊन माझ्यासमोर बसशील? ऐकून ऐकून नाही काढता येत.”

“येईन,” मी म्हणाले. जा, काढ माझे हात, असं काहीतरी रागानं आत म्हटलं होतं. पण शब्द दिला तो दिलाच.

ती गेली तशी मीही यशोधनची वाट न बघता डबा बंद करून उठले. म्हणजे त्याला कळत होतं. मी तुकडे करत होते आणि तो बघत होता. बघून, उचलून, तिच्या वाटीत ठेवत होता. माझं जळणं त्याच्या कामाला आलं.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर गेले ती भांडायच्या तयारीने. तो आधीच येऊन बसलेला. मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, “आधी जेवा.”

“मला बोलायचंय.”

“माहितीय. साएकोने फोन केला. म्हणून म्हणतो, आधी जेवा. भूक लागलेल्या माणसाशी भांडायला मला भीती वाटते.”

मी रागारागात पहिला घास घेतला. तो घास आत गेल्याचं त्याने नीट पाहिलं.

“बरं. आता तुम्हाला नाही म्हणता येणार नाही,” तो म्हणाला. “म्हणून आत्ताच सांगतो. ती बाई गप्प राहून कशी जळते, हे मला तुमच्याकडून कळलं. खरं आहे. न विचारता घेतलं, चूक आहे. पण... क्रम ऐका. आधी तुम्ही आवडलात. साएकोचं नाव घेतलं की तुकडे बारीक होतात, हे नंतर दिसलं. मग तर मी उगीचच तिचं नाव घ्यायला लागलो.”

मी डबा घट्ट धरला.

“शेवटची गाडी वगैरे काही चुकणार नव्हती. मी सातलाच घरी होतो. साएको माझ्या हातांना बटाटे म्हणते, चित्रातले तुमचे हात दाखवून मला लाजवते. देवश्री, मला तुम्ही हव्या आहात. पाट नकोय. म्हणाल तर तो फाडायला सांगतो. सावकाश जेवा. मी आहे इथेच.”

पानांवरून थेंब गळत होते. पुढची पोळी मी हातात घेतली. सवयीने बोटं तुकड्याचे तुकडे करू लागली.

“एवढे बारीक,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे अजून राग आहे.”

मी पोळीचा चांगला चतकोर तोडला आणि त्याच्या डोळ्यांत बघत तोंडात घातला. तो हसला.

पाणी प्यायले. गोविंद.

“पाट फाडायचा नाही,” मी म्हणाले. “चांगला काढलाय तिने. मला आवडलं नाही, पण चांगला आहे.”

“आणि बाकीचं?”

“पुन्हा मुद्दाम जाळलंस तर डबा बंद.”

त्याने ‘जाळलंस’मधला ‘तू’ ऐकला. कान लाल झाले त्याचे. “आणि शनिवारी?” तो म्हणाला. “नको असेल तर जाऊ नकोस. मी सांगतो साएकोला.”

“मी येईन म्हटलंय.”

“मी येऊ बरोबर?”

“नको. ती तुला याशो म्हणते ते मला ऐकवणार नाही.”

शनिवारी पूजा आटोपली, देवापुढची फुलं सारखी केली. साएकोने हात मोकळे हवेत म्हटलं होतं, म्हणून बांगड्या उतरवून डबीत ठेवल्या. मनगटं उघडी, परकी दिसू लागली. मला अजूनही थोडं जळत होतं. दिवा शांत होईपर्यंत थांबले, मग छत्री घेतली, दार ओढून घेतलं आणि ऑफेनबाखच्या गाडीसाठी स्टेशनकडे चालू लागले.