एक वाजून दहा मिनिटांचा कोड

शेवटी तिने त्याला तो कोड वापरू दिला. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. असं काही झालंच नाही, हेच तिने लॅबमधल्या काकांनाही सांगितलं होतं.

तर, ती कवळ्या बनवायची. दिवसभर टेबलावरचे दहा-बारा जबडे तिच्याकडे बघून हसायचे, आणि तिच्याकडे बघून हसणारी मंडळी एवढीच. नवा फोन नंबर घेतल्यावर तिने तो सहा जणांना कळवला. पाच जणांनी नुसता अंगठा पाठवला. सहावा दंतवैद्य होता, त्याने दाढांची ऑर्डर पाठवली.

मग एका दुपारी, एक वाजून दहा मिनिटांनी, सहा आकडे आले. 'हा कोड कुणालाही सांगू नका.' तिने तर कुठलाच कोड मागितला नव्हता. मेसेजमधल्या लिंकला हातही न लावता तिने आपली खाती थेट उघडून पाहिली. सगळं जागच्या जागी. तरी पासवर्ड बदलले. दुसऱ्या दिवशी एक दहाला पुन्हा कोड. तिसऱ्या दिवशीही. काकांना बँकेच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांतही लबाडी दिसायची. ते म्हणाले, कुणीतरी गळ टाकून बसलंय, तू गप्प बस. ती गप्प बसली... फक्त एक पाचला हात धुऊन, फोन समोर ठेवून गप्प बसू लागली.

अठराव्या दिवशी कोडच्या मागोमाग फोन आला. पुरुषाचा आवाज, अडखळणारा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हा नंबर आधी त्याचा होता, रिचार्ज राहून गेला आणि नंबरही गेला. जुनं खातं मात्र अजून याच नंबरला बांधलेलं. त्यात आईच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज होती. आई आता नव्हती, आणि महिनाअखेरीला खातंही पुसलं जाणार होतं.

"म्हणून तुम्हाला कोड हवाय," ती म्हणाली.

"हो."

"भामटे अगदी असंच बोलतात."

"माहितीये. म्हणून तर सतरा दिवस फोन केला नाही, जेवणाच्या सुट्टीत नुसतं 'कोड पाठवा'चं बटण दाबत राहिलो... देऊ नका. मीही दिला नसता."

आणि त्याने फोन ठेवून दिला. भामट्यांना कोड घ्यायची घाई असते. याला नकार घ्यायची घाई होती. त्या दुपारी तिने एका आजोबांचा उजवा सुळा डावीकडे बसवला. संध्याकाळी तिने स्वतःच फोन लावला आणि अटी सांगितल्या. खालचं कँटीन, भरदुपार. कोड तोंडाने सांगणार नाही, तीच टाकणार. आणि आत पहिला फोटो त्याचा नसला, तर त्याचा फोन लिफ्टच्या खड्ड्यात.

तो आला, हात ग्रीसने काळे. एक दहाला कोड आला. तिने परीक्षेतल्या उत्तरासारखा तळहाताआड लपवत तो त्याच्या फोनमध्ये टाकला. फोटो उघडला. दहा वर्षांपूर्वीचा तो, शेजारी एक बाई.

"कान तुमचेच आहेत," तिने निकाल दिला.

"आईचे आहेत. मी वापरतो."

मग त्याने रेकॉर्डिंग लावलं. एकेचाळीस रेकॉर्डिंग्ज, आणि बहुतेकांत एकच प्रश्न होता... जेवलास का? तो ऐकत राहिला. साखर कधीच विरघळलेला चहा ती ढवळत राहिली.

नंतर तिच्यासमोरच त्याने खात्यातून जुना नंबर काढून नवा घातला. म्हणाला, आता तुम्हाला त्रास नाही. त्रास नव्हता, असं ती म्हणाली, पण चहाच्या कपात.

"तुमचा नंबर मात्र विसरता यायचा नाही," तो उठता उठता म्हणाला. "बारा वर्षं माझाच होता."

"मग लावा की कधीतरी."

"स्वतःलाच फोन केल्यासारखं वाटेल..." तो हसला, जरा जास्तच वेळ. "आणि उचलला गेला तर?"

तेवढ्यात कुठेतरी लिफ्ट अडकल्याचा निरोप आला आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी एक दहाला फोन गप्प. तिसऱ्या दिवशीही. नवव्या दिवशी तिने हात धुतले आणि कोड पाठवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला अर्ज लिहिला.

'महोदय, वरील क्रमांकावर दररोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी येणारा, माझा नसलेला कोड कोणतीही पूर्वसूचना न देता बंद करण्यात आला आहे. तरी सदर सेवा त्याच जुन्या ग्राहकाच्या हस्ते पूर्ववत सुरू करण्यात यावी, ही नम्र विनंती.'