सुकाणू त्याचं, कॅमेरा माझा

“हलू नका,” मी म्हणाले. आणि तो हलला.

“अहो, हलू नका!”

“मी कुठे हलतोय?”

“मग काय भिंत हलतेय?”

“काय सांगावं...” त्याने पाठीमागच्या पांढऱ्या पडद्याकडे संशयाने पाहिलं. “किती दिवसांनी आज जमिनीवर पाय ठेवलाय. मला तर सगळंच डुलताना दिसतंय. तुम्हीसुद्धा.”

मी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. दादाच्या स्टुडिओत रोज माणसं येतात, स्टुलावर बसतात, दगडासारखा चेहरा करतात आणि ओळखपत्राचा फोटो घेऊन जातात. हा पहिलाच असा, की ज्याला स्टुलावर सरळ बसता येत नव्हतं. उन्हाने रापलेला, केसांत मीठ, शर्टाचं एक बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं. आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू डुलत होता... आपल्याच नादात.

अकराव्या फोटोला तो कसाबसा स्थिर झाला, तर डोळे मिटलेले.

“जमेल तसा द्या,” तो म्हणाला. “कागदावर कोण बघतंय?”

“मी बघते,” मी म्हणाले. “माझ्या हातून वाईट फोटो जात नाही. बसा परत.”

तो निमूट बसला. पण हसू काही त्याला आवरेना. पाकिटावर नाव लिहिताना मी त्याला चिडवायचं म्हणून ‘हलणारे गृहस्थ’ असं लिहिलं. त्याने ते वाचलं आणि गंभीर तोंड केलं.

“हे चुकलंय. गृहस्थ नाही मी. लग्न झालेलं नाही माझं.”

“मी विचारलं नव्हतं.”

“म्हणूनच सांगितलं.”

गेला. मी दिवसभर लोकांना उगाचच हसून फोटो काढत होते. दादाने विचारलंसुद्धा, “तब्येत बरी आहे ना?”

आता दादाबद्दल सांगते. आमचा दादा वाईट नाही. वडील गेल्यावर स्टुडिओ आणि मी, दोन्ही त्याच्या गळ्यात पडलो. पण त्याचा एक कायदा होता: बाहेरचं काम त्याचं, आतलं माझं. लग्नं, सभा, शाळांचे गट, सगळीकडे तो. मी आपली पडदा, स्टूल आणि “हनुवटी जरा खाली”. मला समुद्रावरची गलबतं टिपायची होती. शिडांवर चालणारी शेवटची चार-पाचच उरली होती आमच्या बंदरात. दादाला सांगितलं, की तो म्हणायचा, “त्या लाकडांचे फोटो कोण विकत घेणार?” मी म्हणायचे, “विकायचे कुणाला आहेत?” की झालं, जेवण थंड होईपर्यंत भांडण.

पुढच्या रविवारी मी कॅमेरा घेऊन धक्क्यावर गेले. गृहस्थांसाठी नाही हं, गलबतासाठी! तुम्हाला पटत नसेल तर सोडून द्या. मलाही फारसं पटलं नव्हतं.

तो गलबताच्या कठड्यावर बसून शिडाला ठिगळ लावत होता. इथे मात्र जराही हलत नव्हता. खालचं गलबत हलत होतं, आणि हा त्याच्यावर असा निवांत, की मी घरच्या पायरीवरसुद्धा इतकी निवांत बसत नाही.

“आत्या,” त्याने मान न वळवता हाक मारली, “फोटोवाल्या बाई आल्यात. वर घेऊ का?”

आत्या म्हणजे गलबताची मालकीण आणि कप्तानही. पांढरे केस घट्ट बांधलेले, उजवा खांदा जरा उतरलेला, आवाज मात्र असा, की पलीकडच्या धक्क्यावरची माणसंसुद्धा दचकावीत. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“घे फोटो. पण कुणाच्या पायात येऊ नकोस. आणि कुणाला ‘हसा’ म्हणू नकोस. इथे कामं असतात.”

मी कुणालाच ‘हसा’ म्हटलं नाही. रविवारमागून रविवार गेले. डोलकाठीला आरसा टांगून दाढी करणारा खलाशी टिपला. दोरांवर वाळणारे सदरे, वाळूने पातेलं घासणारा आचारी, दोरांच्या वेटोळ्यात तोंड उघडं टाकून झोपलेला थोराड माणूस... आणि सुकाणूचा दांडा छातीशी धरून उभा असलेला तो. खांदा निखळल्यापासून आत्याला सुकाणू झेपत नव्हतं. या मोसमापासून ते भाच्याच्या हाती द्यायचं तिने ठरवलं होतं. त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं ते. सांगताना त्याचा आवाज बारीक व्हायचा.

“आणि तुमचं?” त्याने विचारलं.

“माझं काय?”

“स्वप्न.”

“हेच चाललंय ना,” मी म्हणाले, आणि पटकन कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्याचा हा एक मोठा फायदा असतो. अर्धा चेहरा झाकतो.

मग एक दिवस आत्याने मला बंदराबाहेरच्या फेरीला सोबत घेतलं. नवं शीड तपासायचं होतं. भुरभुर पाऊस येऊन गेलेला, ढगांच्या खालून एकदम ऊन आलं आणि ओलं शीड आतून पेटल्यासारखं दिसायला लागलं. तो सुकाणूवर सगळा भार टाकून वाकला होता. पापण्यांवर थेंब, नजर पुढे, ओठ घट्ट. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून, रोजच्या सवयीने, स्टुडिओतला तो ठसकेबाज हुकूम सुटला—

“हलू नका!”

तो हलला नाही.

मी एक फोटो काढला. दुसरा काढला. “फिरव!” आत्या ओरडली. तिसरा काढला. “अरे, फिरव!” आत्या दुसऱ्यांदा ओरडली, तेव्हा कुठे त्याने दांडा लोटला. पण वळण हुकलं होतं. खालून खर्रर्र आवाज आला, आचारी पातेल्यासकट घसरला, आणि गलबत वाळूच्या पट्ट्यावर जाऊन बसलं. बसलं ते बसलंच.

भरती येईपर्यंत आम्ही तिथे तिरके. शेजारून दुसरं गलबत डौलात गेलं. त्यावरून कुणीतरी ओरडलं, “काय मंडळी, फोटोला थांबलात वाटतं?” त्याला माहीत नव्हतं तो किती खरं बोलतोय.

आत्या पाठ फिरवून पाणी किती चढतंय ते बघत बसली. मी मागच्या टोकाला, त्याच्या शेजारी जाऊन बसले.

“का नाही हललात?”

“तुम्ही सांगितलंत.”

“मी काहीही सांगेन! अक्कल गहाण ठेवली होती का?”

“हो,” तो म्हणाला. मग थोडा थांबून, “तू... असं माझ्याकडे बघत होतीस ना... मला वाटलं, हललो तर संपेल.”

तुम्हीचं तू झालं होतं. दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही. वाळूवरच्या उथळ पाण्यात खेकडे फिरत होते. आम्ही बराच वेळ फार मन लावून खेकडे बघितले.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. दादा दारातच उभा होता. “लोक हसतायत! फोटोसाठी गलबत रुतवलं म्हणे. आजपासून कॅमेरा या दुकानाच्या बाहेर जाणार नाही. आणि तूही नाही.” तिकडे धक्क्यावर आत्याने सगळ्या खलाशांसमोर भाच्याला सुनावलं, “दोन दगडांवर पाय ठेवणारा पाण्यात पडतो. सुकाणू हवं, तर ती पोरगी परत या धक्क्यावर दिसता कामा नये. चूक तिची होती एवढं म्हण, मी विसरून जाईन. मोठ्या फेरीला निघायच्या आत ठरव.”

हे मला कळलं ते त्याच्याच तोंडून. मोठी फेरी निघायची होती त्याच दिवशी, भर दुपारी, तो स्टुडिओत आला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, “सोडलं.”

“काय सोडलं?”

“सुकाणू. चूक तुझी होती असं मी म्हणणार नाही. आणि तू धक्क्यावर यायचं नाहीस, हे मला चालणार नाही. आत्याला सांगून आलो, दुसरा माणूस बघ.”

त्याला वाटलं असेल, मी विरघळेन. डोळ्यांत पाणी वगैरे. अहो, माझी तळपायाची आग मस्तकात गेली!

“कुणी सांगितलं तुला सोडायला?”

“तुझ्यासाठी—”

“माझ्यासाठी? मला नको असला त्याग! उद्या पडद्यापुढे बसून समुद्राच्या आठवणी काढणार, आणि मी जन्मभर ‘हिच्यापायी सोडलं’ हे ऐकणार? लहानपणापासूनची गोष्ट अशी स्टुलावर बसून सोडतात होय? ऊठ!”

“पण आत्या...”

“ऊठ म्हणते ना!”

मी कॅमेरा गळ्यात अडकवला. कपड्यांची पिशवी भरायला मला दोन मिनिटं लागली. दादा दारात आडवा.

“या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर—”

“तर काय, दादा?”

त्याला पुढचं वाक्य सुचेना. त्याने ते कधी ठरवलंच नव्हतं. कधी वेळच आली नव्हती ना माझ्यावर बाहेर पडायची! मी त्याच्या हाताखालून वाकून रस्त्यावर आले. मागोमाग माझे हलणारे गृहस्थ, आणि त्यांच्यामागे अर्धा बाजार. किराणावाल्याने वजन करता करता ताजवा हातातच धरून ठेवला. मी गृहस्थांचं मनगट पकडून भर रस्त्याने चालले होते. लोकांनी बघितलं. बघू देत की! मी पकड सोडली नाही.

धक्क्यावर आत्या स्वतः सुकाणूपाशी उभी होती. खांदा दुखत होता, तोंडावरून दिसत होतं. मी खालूनच हाक दिली.

“आत्या! तुम्ही याला विचारलंत, सुकाणू की मी. मला कुणी विचारलं का?”

दोर ओढणारे हात जागीच थांबले.

“काय विचारायचं तुला?” आत्या म्हणाली.

“मी काय कुणाची शिक्षा आहे, की कुणाचं बक्षीस? ‘हलू नका’ मी म्हणाले, चुकले. हा हलला नाही, हा चुकला. गलबत वाळूतून निघालं, आता आम्ही दोघं कशात रुतून बसायचं? सुकाणू त्याचं. कॅमेरा माझा. तो—तोही माझा. आणि मी धक्क्यावर येणार. रोज येणार!”

माझ्या मागे उभा असलेला तो हळूच म्हणाला, “शेवटून तिसरं काय म्हणालीस?”

“गप्प बस, मी भांडतेय.”

“दोन दगडांवर पाय ठेवला, तर पडेल तो,” आत्या गुरगुरली.

“पडू दे की. पोहता येतं त्याला.”

आचारी फिसकन हसला. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो पातेल्यात डोकावायला लागला. मग ती माझ्याकडे वळली. आमच्या बंदरातली एकुलती एक बाई कप्तान होती ती. तिलाही कधीतरी कुणीतरी ‘पोरगी धक्क्यावर दिसता कामा नये’ म्हटलं असणारच.

“धक्क्यावर येऊन काय करणार?” ती म्हणाली. “गलबत तर निघालं. पंधरवड्याने परत येऊ. गलबतावर फुकट खाणारं माणूस मी ठेवत नाही. दोर ओढता येतो?”

“नाही.”

“शिकशील?”

“शिकेन. पण फोटो काढणार.”

“हाताला फोड येतील.”

“येऊ देत.”

आत्या सुकाणूपासून बाजूला झाली. तो एका ढांगेत वर चढला, दांडा धरला, आणि मग त्याने मला हात दिला. मी खलाशांच्या रांगेत उभी राहून दोर ओढला. तळवे सोलपटले, डोळ्यांत पाणी आलं, आणि शीड वर, वर चढत गेलं. वारा भरला तेव्हा पायाखालची फळी थरारली. मला हसू येत होतं की रडू, देव जाणे.

धक्का मागे सरला, तेवढ्यात दादा धापा टाकत कडेला येऊन पोचला.

“अगं, लोक काय म्हणतील? काय सांगू मी त्यांना?”

आयुष्यभर हा प्रश्न ऐकला होता. उत्तर पहिल्यांदाच सुचलं. मी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि साऱ्या बंदराला ऐकू जाईल असं ओरडले,

“सांग, स्वतःच्या पायांनी गेली! आणि येताना घराला जावई घेऊन येणार आहे!”

दादा मटकन खाली बसला. मी सुकाणूकडे वळले. तो कानापर्यंत लाल झाला होता.

“मला... मला विचारलंस का तू?”

“आता विचारते,” मी म्हणाले. मान ताठ होती. “करशील लग्न माझ्याशी?”

तो तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. बघतच राहिला.

“हो म्हण रे मेल्या,” आत्या ओरडली, “आणि पुढे बघ!”

“हो,” तो म्हणाला, आणि पुढे बघितलं.