आधी सही, मग लग्न

"बाहेर निळ्या गाडीचे दिवे कुणी चालू ठेवलेत?"

शाळेच्या लायब्ररीच्या दारात तो उभा होता. खांद्यावर बर्फ, भुवयांवर बर्फ... आणि आवाज मात्र किती ऊबदार!

लोर्नाने स्क्रीनवरून मानही वर केली नाही. "माझी आहे. जळू द्या. हे पान बंद पडलं तर सगळं पुन्हा भरावं लागेल मला."

मुलांच्या कॉलेजसाठी सरकारी मदतीचा अर्ज भरायला त्या संध्याकाळी गावातले पालक तिथे जमले होते. लोर्ना दुकानात खिमा-बटाट्याच्या पेस्ट्या भाजायची. तिच्या पगारात लेकीचं, टिल्डाचं कॉलेज म्हणजे... जाऊ दे! मदत मिळाली तर टिल्डा कॉलेजात, नाहीतर आईशेजारी पीठ मळायला. इतकं सरळ होतं ते.

तो जवळ येऊन वाकला. "अडलंय कुठे?"

"वैवाहिक स्थिती."

"त्यात काय अडायचं?"

"विधवा हा पर्याय यादीत पार तळाला टाकलाय हो यांनी. शोधतेय."

तो कानापर्यंत लाल झाला. "माफ करा, बाई."

"बाई काय? चाळिशीच तर आहे माझी!" असं म्हणून लोर्ना हसली, आणि मग पहिल्यांदा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तपकिरी डोळे. पापण्यांवरचा बर्फ वितळत होता.

गाडीची बॅटरी अर्थातच मेली होती. त्याने रस्त्यावरचा बर्फ काढायची आपली भलीमोठी सरकारी गाडी शेजारी आणली, तारा जोडल्या, आणि निळी गाडी खोकत जागी झाली. त्याचं नाव आर्वो. अर्ज मात्र अर्धाच राहिला!

दुसऱ्या दिवसापासून गावात सगळ्यात आधी साफ होणारा रस्ता म्हणजे लोर्नाचा. एकदा पहाटे तिने त्याला गाठलंच.

"सरकारी गाडी, सरकारी डिझेल, आणि माझ्याच दारात?"

"सरकारी मदत आहे," तो खिडकीतून म्हणाला. "हिला अर्ज लागत नाही."

मग काय! थर्मासमधली कॉफी झाली, तिच्या हातची पेस्टी झाली, गोठलेल्या तळ्यावर मासे धरणं झालं. फेब्रुवारीत त्या तळ्यावरच, गळाकडे बघत बघत त्याने विचारलं, "लोर्ना... करशील माझ्याशी लग्न?"

तिच्या "हो"ला मासासुद्धा घाबरून पळाला असेल!

उरलेला अर्ज भरायला दोघं मिळून शाळेत गेली. अर्जाचं काम बघणाऱ्या मिसेस बर्डिक म्हणाल्या, "लग्न झालं की सावत्र वडिलांचा पगारही धरतात हं. मग मदत जवळजवळ शून्य."

"पण माझा अर्धा पगार आईच्या वृद्धाश्रमात जातो!" आर्वो म्हणाला.

"ते अर्जात विचारत नाहीत. पण सहीच्या दिवशी जी स्थिती असेल तीच धरतात."

आर्वोचे डोळे चमकले. "म्हणजे आज सही, आणि शनिवारी लग्न?"

"चालेल की!"

लोर्नाने सही ठोकली. आर्वोने तिला तिथल्या तिथे एक गिरकी दिली, पुस्तकांच्या कपाटाला धक्का बसला. मिसेस बर्डिक पर्स आवरत म्हणाल्या, "अभिनंदन! पुढच्या वर्षी भेटूच."

"पुढच्या वर्षी?"

"दरवर्षी भरायचा असतो. चार वर्षं."

दोघं गाडीत येऊन बसली. मग आर्वो म्हणाला, "दरवर्षी सही झाली की लग्न, पुढच्या सहीआधी घटस्फोट. चार लग्नं, चार केक!"

ती हसली. हसता हसता कधी रडायला लागली, तिलाच कळलं नाही.

"चार वर्षं थांबशील?" तिने विचारलं.

"थांबेन."

"तोवर माझ्याकडे राहायला ये ना... लग्नाशिवाय राहिलो तर तुझा पगार धरत नाहीत."

"आई नव्वदीची आहे, लोर्ना. दर रविवारी चर्चमधून आली की विचारते, लग्न कधी? तिला काय सांगू, लग्नाशिवाय राहतो, गाडी मागच्या गल्लीत लपवतो म्हणून?"

टिल्डाला लोर्नाने एवढंच सांगितलं, की आमचं लग्नाबिग्नाचं काही जमत नाही. खरं कळलं असतं तर त्या पोरीने त्याच दिवशी कॉलेज सोडलं असतं. तसलीच आहे ती!

टिल्डा कॉलेजला गेली. पुढच्या शरदात दुसरी सही झाली. वसंतात कॉलेजच्या खर्चापोटी करातून परत आलेले डॉलर लोर्नाने तसेच टिल्डाला पाठवले. त्याआधीच, ऐन थंडीत, आर्वोची आई गेली होती. अंत्यविधीच्या प्रार्थनेला लोर्ना चौथ्या ओळीत बसली. पहिली ओळ घरच्यांची.

"आता तरी ये राहायला," ती नंतर म्हणाली.

"आता? जे आईला दाखवता आलं नाही, ते आता चोरून करू?" त्याने टोपी हातात फिरवली. "बहीण अ‍ॅरिझोनाला बोलावतेय."

"तिकडे बर्फ पडतो?"

"नाही."

"मग तू काय करणार तिथे?"

"काही नाही. तेच हवंय मला."

"दोनच सह्या राहिल्यात, आर्वो..."

"मी सह्या मोजत नाही गं. वय मोजतोय."

मे महिन्यात तळ्यावरचा शेवटचा बर्फ फुटला, त्या आठवड्यात तो गेला.

आणि ऑक्टोबरमध्ये टिल्डाचा फोन!

"मॉम, बसलीयस ना? मी लग्न केलं! माझ्या वर्गातल्या नीलशी! काल, कोर्टात, पंधरा मिनिटांत!"

"अगं पण—"

"ऐक तरी! विद्यार्थ्याचं लग्न झालेलं असलं ना, की आईवडिलांची कमाई विचारतच नाहीत. मदत वाढेल माझी. आणि तुझी सही आता कधीच नको. तू सुटलीस, मॉम!"

लोर्नाने ओट्यावरचं पीठ हाताने गोळा केलं.

"प्रेम आहे ना त्याच्यावर?"

"आहे तर! म्हणून तर इतकं सोप्पं झालं."

"थांबला नाहीत," लोर्ना म्हणाली, "ते बरं केलंत."

त्या रात्री वर्षातला पहिला बर्फ पडला. पहाटे बर्फ काढायच्या गाडीचा आवाज आला, तशी ती सवयीने खिडकीत धावली. नवा चालक होता. त्याने रस्ता साफ केला, सगळा ढीग तिच्या दारात लोटला आणि पुढे निघून गेला.

लोर्ना फावडं घेऊन बाहेर आली.