नाव काढू नका

रोपवाटिकेच्या फाटकातून तो आत आला तेव्हा तिच्या हातात पाण्याचा पाइप होता आणि लक्ष भलतीकडेच. व्हायचं तेच झालं. त्याचे बूट ओलेचिंब झाले.

ती ओशाळली. त्यानं मात्र चष्म्यावरचे थेंब पुसले, तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं.

"माझं नाव काढू नका," तो म्हणाला. "एवढंच सांगायला आलोय."

तिचं लक्ष उडालं होतं तेही या नावांपायीच. मावशीच्या या रोपवाटिकेतून दर आठवड्याला गिऱ्हाइकांना ईमेल जायचा. झाडांच्या गमतीजमती ती अगदी मन लावून लिहायची. पण यादीतले कितीतरी पत्ते बंद पडलेले, कितीजण तर ईमेल उघडतही नसत. त्यापायी ज्यांना हवा त्यांचाही ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडू लागला. शेवटी तिनं यादी साफ करायला घेतली. बंद पत्ते काढले आणि न उघडणाऱ्यांना विचारलं, यापुढे ईमेल हवा असेल तर खालचं बटण दाबा, नाहीतर नाव काढतो. माणसं काय पिवळी पानं आहेत का खुडून टाकायला, म्हणून मावशी कुरकुरलीच. बटण फार थोड्यांनी दाबलं. हिचं तोंड एवढंसं झालं. लिहिणंच थांबवावं, असं मनात घोळत होतं – आणि हा आला.

तो कोपऱ्यावरचा चष्मेवाला. ईमेल उघडल्याची नोंद त्यातले फोटो दिसले तरच व्हायची; ते तो बंद ठेवायचा, म्हणून त्यानं उघडलेलं तिला दिसत नसे. वाचायचा मात्र सगळं. कुंडी बदलल्यावर रुसलेल्या लिंबाची गोष्ट तर त्यानं जवळजवळ पाठच म्हणून दाखवली.

"मग बटण का नाही दाबलंत?"

"दाबलं असतं तर... यायला निमित्त काय उरलं असतं?"

ती मान खाली घालून पाइप गुंडाळू लागली. तो आणखीच गुंतला.

मग तो येतच राहिला. कधी रोप घ्यायला, कधी त्याची तब्येत सांगायला, कधी नुसताच. अहो-जाहो केव्हा गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. मावशी गालातल्या गालात हसायची. यादी लहान झाली होती, पण ईमेल आता नीट पोहोचत होते, वाचणारे उत्तरं धाडत होते, आणि हिच्या लिहिण्याला बहर आला होता.

एका सकाळी यादीतून एक नाव कमी झालेलं दिसलं. त्याचं. त्यानं स्वतःच काढलेलं.

मातीचे हात तसेच घेऊन ती तडक त्याच्या दुकानात गेली.

"कंटाळलास माझ्या गोष्टींना?"

तो काउंटरमागून बाहेर आला.

"सगळ्यांना जाते ती नकोय मला," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी हवी... तुझ्या तोंडून. रोज. जन्मभर ऐकवशील?"

गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली, पदराला हात पुसले, आणि लाजत, हसत म्हणाली,

"तर... काल काय झालं, माहितीये?"