सडक निघाली तंबूतून

"ओ भाऊ, थांबा! ती खुंटी तिथी ठोकू नका! ती आमची पाळ आहे!"

गोकुळा धापा टाकत तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर पोचली, तेव्हा सडकेच्या मोजणीवर साहेबांच्या हाताखाली आलेल्या बिरजू खलाशानं घण उगारलेलाच होता. समोरच्या टेकडीवरून पांढऱ्या खुंट्यांची रांग जंगल चिरत खाली आली होती आणि थेट पाळीला भिडली होती.

"मी का करू, पोरी?" बिरजू वैतागून म्हणाला. "काल साहेबाले विचारलं, साहेब, समोर तर तलाव दिसून राह्यला! तर म्हणे, तू डोकं चालवू नकोस, घण चालव! आता मी घणच चालवतो."

आणि धाडकन घण बसला.

वडशाहून डोंगरापलीकडं जाणारी नवी सडक कोसमटोल्यावरून नेणार, हे कळलं तेव्हा सगळं गाव हरखलं होतं. पावसाळ्यात बैलगाडी चिखलात रुतली की माणूस दवाखान्यात पोचायचा कसा, हे गावाला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मोजणीला आलेल्या ओव्हरसियर शेवडेसाहेबांना लोकांनी आमराईत तंबू ठोकायला जागा दिली, वर ताजे मासेही दिले. आणि साहेबांनी काय केलं? पाळच फोडायला काढली! अर्ध्या गावाचं धान त्या तलावावर पिकायचं, आणि गोकुळाच्या घरची तर चूलच तलावातल्या मासोळीवर पेटायची.

गोकुळाचा बा इस्तारी आणि म्हातारे उमाजीआजा साहेबांना भेटायला गेले, आणि हात हलवत परत आले.

"साहेब म्हणते, दुर्बीण खोटं बोलत नाई," बा खाली मान घालून म्हणाला. "सरकारी काम आहे, माय. पाळ गेली तर वडशाले जाऊ. तिथी धानाची पोती उचलू."

"आन् माही शाळा?"

बानं जाळं पुढं ओढलं. तो जाळं विणत बसला, तेही तलावच उरणार नाही हे ठाऊक असून! गोकुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायचं सोडून मोठी माणसं अशी गप्प कशी बसतात?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं चुलतबहीण चंदाला आणि शेजारच्या मुखरूला आपल्याबरोबर टेकडीवर ओढत नेलं. चंदा झाडावर सरसर चढायची, आणि मुखरूचं तोंड सदा चालू असायचं, एकतर खाण्यात नाहीतर बोलण्यात.

"सुट्टीत माणूस झोपते," मुखरू रानातली गोड चारं चघळत कुरकुरला. "आपण काऊन डोंगर चढून राह्यलो?"

"सडक सरळ येता येता पाळीवर काऊन वळली, ते पाहाले!" गोकुळा फणकारली. "चूप चाल!"

वर दुर्बीण ठेवल्याची जागा सापडली. तिपाईच्या पायांची भोकं अजून मातीत होती. गोकुळा तिथं उकिडवी बसली, एक डोळा मिटला आणि खुंट्यांच्या रांगेवरून खाली पाहिलं. पाहिलं आणि ताडकन उठली.

"अरे देवा! ही रांग तर बंदीच्या काठीवर जाते!"

उन्हाळ्यात तलाव आटायला लागला की ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची घरं पाळीवर एक उंच बांबू रोवायची आणि त्याला लाल चिंधी बांधायची. ती काठी उभी आहे तोवर कुणी जाळं टाकायचं नाही. मग ठरलेल्या दिवशी उमाजीआजांनी ती उपटली की सगळ्यांनी एकदम पाण्यात उतरायचं. तोवर त्या काठीला कुणी बोटसुद्धा लावत नसे.

"साहेबाची झेंडी बी लालच असते," मुखरू चघळायचं थांबला. "बिरजू पुढं जाऊन झेंडी रोवते, आन् साहेब दुर्बिणीतून तिच्यावर नेम धरते. मंग बिरजूची झेंडी कुठी आहे?"

चंदा तोवर मोहाच्या शेंड्यावर पोचलीही होती. "दिसली! दिसली! तिकडं, नाल्याच्या अंगाले! झाडीत अर्धी लपली आहे!"

तिघं धावत तिकडं गेली. बिरजूची सरकारी झेंडी एकटीच उभी होती. तिच्याकडं येणारी एकही खुंटी नव्हती! जमीनही तिथं उंच, कडक मुरमाची. म्हणजे सडक इथून, तलावाला वळसा घालून जायची होती. साहेबांनी दुर्बिणीत जे पहिलं लाल दिसलं ते धरलं आणि मोकळे झाले!

"चला, आत्ताच सांगू!" गोकुळा म्हणाली. तिला वाटलं, सांगितलं की संपलं.

कसलं काय! शेवडेसाहेब तंबूपुढं चहा पीत बसले होते. "साहेब, तुमची झेंडी..." एवढं ती बोलते न बोलते तोच ते ओरडले, "ए पोरांनो, पळा इथून! परवा मोठे साहेब जीपनं पाहायला येताहेत. मला वेळ नाही!"

शाळेच्या गुरुजींकडं गेली, तर ते म्हणाले, "मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये. सुट्टीचा अभ्यास झाला का?" शेवटी ती घरी बाजवळ आली. बानं तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "साहेब नागपूरले शिकला, गोकुळा. तू त्याले शिकवतेस का? चूप बस."

गोकुळा परसात जाऊन रडली. दुःखानं नाही, रागानं! "माह्या तोंडातून मराठीच निघून राह्यली ना?" ती चंदावर खेकसली. "मंग कोणाच्या कानात काऊन जात नाई?"

"बंदीची काठी काढून टाकू," मुखरू म्हणाला.

"वेडा झाला का? आजा जिता सोडणार नाई. आन् खुंट्या तर ठोकून झाल्याच." गोकुळानं डोळे पुसले. मग एकाएकी तिच्या डोळ्यांत चमक आली. "पण उद्या साहेब पाळीवरून पुढची रेघ धरणार. त्याले लालच पाहिजे ना? मंग आपण देऊ त्याले लाल! मुखरू, तुह्या आईचं ते फाटकं लुगडं आण."

"माय मले बदडून काढंल!"

"काढू दे! पळ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवडेसाहेबांनी पाळीवर दुर्बीण लावली. बिरजूनं पुढं झाडीत आपली झेंडी रोवली होती. तिला कुणी हात लावला नव्हता. पण तिच्या डाव्या अंगाला, आमराईच्या डोक्यावर, उंच बांबूला लाल लुगड्याचा पदर मस्त फडकत होता. साहेबांनी डोळा लावला, मान डोलावली आणि परतलेल्या बिरजूला पहिल्या चार खुंट्या सरळीत लावून दिल्या.

"आता असाच नाकासमोर त्या लाल झेंडीपर्यंत ठोकत जा," ते म्हणाले. "मी पाटलाकडं जेवायला जातो."

बिरजूनं लाल पदराकडं पाहिलं. झुडपात लपलेल्या मुखरूनं हसू दाबायला तोंडात मूठ कोंबली. बिरजू काहीतरी विचारणार होता, पण साहेब पाठ फिरवून निघालेही होते. "मले का करायचं!" असं पुटपुटत त्यानं घण उचलला.

साहेब पाटलाकडं जेवले आणि तिथंच लवंडले. बाहेर जीप घरघरली, तेव्हा ते दचकून उठले. मोठे साहेब एक दिवस आधीच आले होते! टोपी सावरत शेवडेसाहेब त्यांना पाळीवर घेऊन गेले. मागून गाव, आणि सगळ्यांत पुढं गोकुळा.

मोठे साहेब खुंट्यांच्या रांगेनं चालत निघाले. रांग आमराईत शिरली. तंबूच्या दारात एक खुंटी होती. आत, साहेबांच्या खाटेला लागून, दुसरी होती. तंबूमागच्या चुलीत तिसरी, आणि तिच्यापुढं लाल लुगड्याचा बांबू!

मोठ्या साहेबांनी परत तंबूत वाकून खाटेकडं पाहिलं. मग म्हणाले, "शेवडे, सडक तुमच्या खाटेवरून नेणार की खाटेखालून?"

सगळं गाव फिदीफिदी हसलं. शेवडेसाहेबांचा चेहरा लालेलाल झाला. "बिरजू! गाढवा, हे काय?"

"तुम्हीच म्हटलं साहेब, लाल झेंडीपर्यंत ठोक!"

"साहेब, बिरजूभाऊले बोलू नका," गोकुळा पुढं झाली. तिचा आवाज खणखणीत निघाला. "हे लुगडं आम्ही बांधलं. पण पाळीवरची काठी आमच्या गावाची रीत आहे. साहेबानं तिलेही झेंडीच समजलं. तुमची खरी झेंडी नाल्यापाशी आहे. चला, दाखवते!"

मोठे साहेब खरंच तिच्यामागून गेले. त्यांनी कडक मुरूम बुटानं दाबून पाहिला, टेकडीवर चढून स्वतः दुर्बीण लावली आणि खाली येऊन म्हणाले, "पाळीकडं गेलेल्या सगळ्या खुंट्या उपटा. तलावाला हात लागणार नाही. शाबास, पोरांनो! शेवडे, नवी रेघ तुम्ही आखायची, आणि प्रत्येक झेंडीपाशी स्वतः चालत जायचं."

मग काय! गुरुजी म्हणाले, "शाबास! माझी विद्यार्थिनी आहे!" उमाजीआजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुखरूची आईसुद्धा लुगडं विसरली. गोकुळा मात्र हसेना.

"आता सगळे शाबास म्हणता!" ती एकदम ओरडली. "मी हेच सांगत होती ना? साहेबाले सांगितलं, गुरुजीले सांगितलं. बा, तुले बी सांगितलं! लुगडं फडकवलं तवा तुमाले दिसलं. मी बोलली तवा काऊन नाई आयकलं?"

गुरुजी धोतराचा सोगा नीट करू लागले. इस्तारी पुढं आला आणि लेकीसमोर खाली बसला.

"चुकलो, माय," तो म्हणाला. "साहेबाचं भेव वाटलं मले. तुहं पुरतं आयकाले पाहिजे होतं. आता सांग. पहिल्यापासून सांग. मी बसलो."

आणि आमराईच्या सावलीत, सगळ्या गावासमोर, गोकुळानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मध्ये कुणीही बोललं नाही.