मुंग्यांच्या वहीची मागची पानं

मायाचं पत्र नागसेनच्या खिशात एकोणतीस दिवस पडून होतं. उत्तर काही गेलं नव्हतं.

पत्र कसलं, चार ओळी. 'तू मला आवडतोस. मी तुला आवडते का? उत्तर टपालानं पाठव, कारण समोर आलास की फक्त मुंग्यांवर बोलतोस. महिन्याभरात आलं नाही, तर नाही समजेन.'

आवडायची तर ती त्याला पहिल्या दिवसापासून. पण घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपल्यासारख्या मुखदुर्बळावर हुबळीची ही बडबडी मुलगी भाळेल कशी? तिनं गंमत केली असेल तर?

एम.एस्सी.च्या मुलांना संशोधन जमावं म्हणून कुसुम मॅडमनी प्रत्येक जोडीला एक छोटा प्रश्न दिला होता. या दोघांच्या वाट्याला आला तो असा : मुंगीला पेढा जास्त आवडतो की गूळ? "एकदा दिसलं म्हणजे खरं नव्हे," मॅडम बजावत. "पुन्हा पुन्हा पाहा. तुलनेला दुसरं काहीतरी ठेवा."

नागसेननं ते फारच मनावर घेतलं. एक पत्र म्हणजे एकच नोंद! मुंग्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यानं मायाचं हसू टिपायला सुरुवात केली. तुलनेला, वर्गातल्या दीपककडे पाहून ती किती वेळा हसते ते.

दर शनिवारी जोडीदारानं वही तपासून लाल शाईनं चुका काढायच्या, हा मॅडमचा नियम. तिसाव्या दिवशी शनिवार आला आणि नागसेननं निर्धास्तपणे वही दिली. माया कुठलीही वही मागूनच उघडते, हे मात्र त्याच्या नोंदीत कधी आलंच नव्हतं.

"अकरा वाजून दहा मिनिटं," माया वाचू लागली. "माझ्याकडे पाहून हसली. दात दिसले चार... अय्यो! दात मोजलेस?"

"प... पाच असतील. अंतर जास्त होतं."

"दीपककडे पाहून नऊ वेळा, माझ्याकडे सात. निष्कर्ष — पत्र गमतीनं दिलं असावं." तिनं वही खाली केली. "दीपक माझा मावसभाऊ आहे, शहाण्या! अख्ख्या वर्गाला ठाऊक आहे."

"मी... वर्गात कुणाशी बोलत नाही ना."

तिनं लाल पेन काढलं, भराभर काहीतरी लिहिलं, वही त्याच्या हातात कोंबली आणि निघून गेली.

'तुलना चुकली. निरीक्षक घाबरट. मुंगीला विचारता येत नाही, मला येतं. मुदत आज संपते. टपालाचा शिक्का ग्राह्य.'

सुभाष रोडच्या टपालपेटीतली पत्रं चारला काढून नेत. साडेतीन झाले होते! नागसेन धावत बस गाठून सुभाष रोडला उतरला, पाकीट घेतलं, गुडघ्यावर कागद ठेवला. 'उपलब्ध नोंदींवरून बहुधा' असं लिहिलं... खोडलं. मग एकच शब्द लिहिला आणि पाकीट चिकटवलं.

टपालपेटीला टेकून माया उभी होती.

"तू... इथं?"

"निरीक्षण," ती म्हणाली. "काय लिहिलंस?"

"सोमवारी घरी येईल. तेव्हा कळेल."

"थोडा अंदाज तरी?"

"अंदाजावर जायचं नाही, मॅडम म्हणतात."

माया खळखळून हसली. किती वाजले ते नागसेननं पाहिलं नाही. दातही मोजले नाहीत. तिच्याकडे बघता बघताच त्यानं पाकीट फटीत सरकवलं — आणि ते आत पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.