तिसऱ्या हाकेच्या आधी

मतर, किल्ली खाली ठेव. कॉफीच्या अजून दोन फेऱ्या बाकी आहेत, आणि तुझ्या नव्या गाडीचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणे हात लावायला नको, नुसतं तोंडानं सांगितलं की फोन लागतो. बरं आहे. त्यावरून मला हमूद बिन सैफ आठवला. झहरान, तुला तो आठवत असेल. आपल्या आदम गावच्या बागांना पाण्याच्या पाळ्या लावून द्यायचा, उंच, कमी बोलणारा. आता तो इथे राहत नाही. ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कप तसाच ठेवून उठून गेला.

काम अगदी घरगुती होतं. हमूदची एकुलती एक मुलगी रय्या दूर दक्षिणेला सलाला शहरात दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण. हमूदची बायको झुवैना पंधरा दिवस आधीच तिकडे जाऊन बसली होती आणि तिथून तिनं फर्मान सोडलं होतं की डोंगरातला मध, घरचं तूप आणि अळीव घेऊन ये, दुकानातलं मी माझ्या मुलीला घालणार नाही. जावई नौदलात, बोटीवर. दिवस भरायला अजून आठवडा होता, म्हणून हमूदला घाई नव्हती. ऑक्टोबरची बारा तारीख, साल दोन हजार तेवीस, गुरुवार. अमावास्येला दोन दिवस. संध्याकाळची नमाज पढून, मधाच्या बरण्या पुढच्या सीटखाली पायाशी घट्ट बसवून तो निघाला.

फोनची ती सोय रय्यानंच करून दिली होती, उन्हाळ्यात माहेरी आली तेव्हा. गाडी अंगणात उभी, बापलेक पुढच्या सीटांवर. तिनं फोन गाडीशी जोडला. बापाचा आवाज ओळखता यावा म्हणून त्याच्याकडून चार वाक्यं तीन-तीनदा म्हणवून घेतली. कुणाचा फोन आला की गाडीतली बाई नाव सांगणार, आणि तीन सेकंदांनी तो आपोआप उचलला जाणार. हमूदनं हे पुन्हा विचारून घेतलं.

"मी काहीच केलं नाही तरी उचलला जाईल?"

"काही करायचं नाही, बाबा. दोन्ही हात चाकावर."

गंमत अशी की हा गृहस्थ फोनला काही सांगण्याआधी त्याला सलाम करायचा. आधी सलाम, मग "रय्याला फोन लाव". झुवैना दारातून म्हणाली, तीस वर्षांत माझ्याशी इतक्या अदबीनं बोलला नाही हा माणूस. रय्या हसून हसून आडवी झाली.

मलाही हसू आलं असतं. पण ती सोय त्यानं का मागून घेतली, ते मला ठाऊक आहे.

हमूदला एक धाकटा भाऊ होता, नासिर. उंटांच्या शर्यतींचं वेड, गाडी वाऱ्यासारखी हाकायची आणि पट्टा बांधायचा नाही. बांधायला मी काय गवताचा भारा आहे, म्हणायचा. बापाला मुलाच्या नावानं हाक मारायची आपली रीत. हमूदला मुलगा नाही, म्हणून लोक त्याला नुसतं हमूद म्हणत. नासिर एकटाच त्याला 'अबू रय्या', म्हणजे रय्याचा बाप, म्हणायचा, आणि हमूदला ते फार आवडायचं. पण एकदा नासिरनं हमूदचा लाडका उंट न विचारता शर्यतीला नेला आणि पाय मोडून परत आणला. हमूदचं डोकं फिरलं. महिनाभर तुझ्याशी बोलणार नाही, म्हणाला.

बाविसाव्या रात्री नासिरचा फोन आला. दहा चाळीसला. हमूद अंथरुणात जागाच होता. त्यानं नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. दहा त्रेचाळीसला पुन्हा वाजला. दहा एक्कावन्नला पुन्हा. त्यानंतर नाही. सकाळी पोलिसांनी कळवलं की सलालाच्या रस्त्यावर, हैमा गावाच्या पुढे, गफ्तैन ओलांडल्यावर, नासिरची गाडी उलटली आणि तो बाहेर फेकला गेला. बराच वेळ शुद्धीवर होता, असं डॉक्टर म्हणाले.

तुम्हाला लहानपणी सांगितलंय ना, रात्री वाळवंटात कुणी नावानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही? जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा मारतो तो माणूस. हमूदही हेच शिकला होता. सख्ख्या भावानं तीनदा हाक मारली आणि यानं ओ दिली नाही. हे त्याला आतून खात होतं. नासिरचा फुटका फोन त्यानं नासिरच्याच मुंडाशात गुंडाळून घरच्या पेटीत ठेवला, आणि आपल्या फोनमधला त्याचा नंबर कुणाला पुसू दिला नाही. यापुढे एकही फोन नुसता वाजत राहू नये, म्हणून ती सोय.

तर हमूद निघाला. हैमाला सव्वानऊ झाले. तिथे भात-मटण खाल्लं, नमाज पढली, तेल भरलं. गाडी सुरू केली तेवढ्यात बाई म्हणाली, झुवैनाचा फोन. तीन सेकंदांनी झुवैनाचा आवाज गाडीभर झाला. रय्याला कळा सुरू झाल्या होत्या, बाळ आडवं होतं, बहुधा पोट कापावं लागेल असं डॉक्टरीण म्हणत होती. रय्या एकच धोशा लावून बसली होती, बाबा आल्याशिवाय मी आत जाणार नाही.

"सावकाश ये," झुवैना म्हणाली. "पण ये."

हमूदनं हो म्हटलं आणि गाडी रस्त्याला लावली. पुढे पाचशे किलोमीटर, दिवा नाही, वळण नाही, माणूस नाही. रय्या आत जायला तयार नाही एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गफ्तैनचा पेट्रोल पंप मागे पडला. मग पत्र्याची ती जुनी पाण्याची टाकी आली, जिच्याजवळ नासिरची गाडी उलटली होती आणि जिच्याकडे दोन वर्षं तो मान वर करून बघत नसे.

बाई म्हणाली, "नासिरचा फोन."

हमूदनं घड्याळ पाहिलं. दहा चाळीस.

नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असेल, असं त्याला वाटलं. मिळतात असे. तो बंद करायचं बटण शोधू लागला. एक सेकंद. दोन. तीन.

फोन उचलला गेला.

आत फक्त वारा. मोकळ्या माळावर वाहतो तसा. मग कुणीतरी हलक्या आवाजात सलाम केला. आणि पोरांनो, सलामाला उत्तर द्यायची सवय कशी असते... हमूदच्या तोंडून उत्तर निघून गेलं. पहिल्याच हाकेला.

फोन बंद झाला.

त्यानं गाडी हळू केली नाही. उलट पाय दाबला.  कुराणातली फातिहा म्हणायला घेतली तर शब्द पुढेमागे होऊ लागले.

"नासिरचा फोन."

दहा त्रेचाळीस.

एक. दोन. तीन.

"अबू रय्या..."

दोन वर्षांत त्याला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

"कुठे पोहोचलास?"

हमूदनं ओठ घट्ट मिटून घेतले. पण फोन तर उघडाच होता. आतला वारा ऐकू येत होता. त्या वाऱ्यात आणखी एक आवाज होता... एका गाडीचा. लांबून जवळ येणारी गाडी. हमूदनं पाय ढिला केला, तर तोही आवाज ढिला झाला.

रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला आपली गाडी जशी ऐकू यावी, तशी ती त्याला ऐकू येत होती.

फोन बंद झाला. हमूदला मुलीचा आवाज हवा होता, दुसरं काही नको.  सवयीनं त्यानं आधी सलाम केला. मग म्हणाला, "रय्याला फोन लाव."

बाई म्हणाली, "नासिरला फोन लावत आहे."

आणि घंटी वाजली. मागच्या सीटवर.

नासिरनं स्वतःची शीळ फोनमध्ये भरून ठेवली होती, उंटांना बोलवायची. तो फोन वाजला की तीच शीळ वाजायची. तो फोन घरी होता. पेटीत. मुंडाशात गुंडाळलेला. पावणेचारशे किलोमीटर मागे.

शीळ वाजत राहिली...

मग थांबली.

हमूदनं मागे पाहिलं नाही. आरशातही नाही. घड्याळात पन्नास झाले. त्याचं सगळं लक्ष त्या आकड्यावर. आता येऊ नये, एवढंच तो मागत होता. आणि तेवढ्याच जिवानं, हे त्यानंच मला सांगितलं, यावा असंही मागत होता.

एक्कावन्न.

"नासिरचा फोन."

तिसरी हाक. माणसाची.

हमूदनं गाडी थांबवली.

काचेबाहेर काळोख. दिव्यांच्या उजेडात थोडी वाळू रस्त्यावरून सरकत होती. बाकी काही नाही. कुणी नाही.

तीन सेकंद झाले.

"नासिर," हमूद म्हणाला. तो रडत होता. "मी जागा होतो."

बराच वेळ वारा.

"ठाऊक आहे."

"मला माफ कर."

 मग अगदी जवळून, जणू काचेला तोंड लावून...

"दार उघड."

हमूदचा हात कुलपाच्या बटणापर्यंत गेला. हो, गेला. आडरानात उभ्या माणसाला टाकून आपल्यातला कुणी पुढे गेलाय का? आणि हा तर भाऊ. पण पायाशी मधाच्या बरण्या एकमेकींवर वाजल्या, आणि त्याला रय्या आठवली. आत न जाता बसलेली.

"रय्या अडली आहे," तो म्हणाला. "मला पोहोचायला हवं. मी दार उघडणार नाही, नासिर."

वारा थांबला. पूर्ण थांबला.

"मग चल."

फोन बंद झाला.

हमूदनं गाडी हाणली. दार उघडलं नव्हतं. कुलूप पडलेलं होतं, ते त्यानं दोनदा चाचपलं. काचा बंद. आणि शंभर पावलंही गेली नसतील...

टिंग.

टिंग. टिंग.

समोर तांबडा दिवा लागला. तुम्ही सगळे ओळखता तो दिवा. शेजारच्या सीटवर माणूस बसला आहे आणि त्यानं पट्टा बांधलेला नाही.

टिंग. टिंग. टिंग.

हमूदनं मान वळवली नाही. नजर रस्त्यावर. मान इतकी ताठ की दुखायला लागली. उजव्या, शेजारच्या सीटकडच्या गालाला गार लागत होतं.

टिंग. टिंग.

"रय्याचा फोन," बाई म्हणाली.

एक. दोन. तीन.

"बाबा?" रय्या धापा टाकत होती. "कुठे आहात?"

"येतोय, बाळ. येतोय. तू आत जा. त्यांचं ऐक."

"बाबा... गाडीत कोण आहे?"

टिंग. टिंग.

"कुणी नाही."

"कुणीतरी बोलतंय. तुमच्याजवळच." ती ऐकत होती. "अबू रय्या म्हणतंय... बाबा, असं तर काकाच..."

हमूदला गाडीत काहीही ऐकू येत नव्हतं. फक्त ती घंटी.

"काय म्हणतंय?"

 तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

"म्हणतंय... हळू चालव."

खट्.

घंटी थांबली. तांबडा दिवा विझला.

रय्याला कुणीतरी आत नेलं आणि फोन कटला. त्यानंतर रात्रभर फोन आला नाही. हमूदनं गाडी ऐंशीच्या वर नेली नाही आणि मान उजवीकडे वळवली नाही. थुमरैतचा घाट तसाच उतरला. उजवीकडच्या आरशाची गरज पडली तरी त्यानं पाहिलं नाही. एकदा धुक्यात त्याला वाटलं की शेजारी कुणीतरी ऊन उतरल्यावर सोडतात तसा समाधानाचा सुस्कारा सोडला. पहाटेची बांग होत असताना तो इस्पितळाच्या आवारात पोहोचला आणि आपल्या बाजूच्या दारानं उतरून, मागे न बघता, आत गेला.

पोट कापावं लागलं, पण मायलेकरू सुखरूप होतं. मुलगा झाला होता. रय्या गुंगीत होती. बापाचा हात हातात घेऊन ती झोपली. झुवैनानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तुला चहा आणते, म्हणाली, आणि किल्ली घेऊन मध-तूप काढायला खाली गेली.

परत आली ती रिकाम्या हातानं.

"शेजारच्या सीटचा पट्टा कुणी बांधलाय?" ती म्हणाली. "सोडायला गेले तर सुटत नाही."

हमूदनं त्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही. दुरुस्तीवाल्यांनी पाहिलं, कुणाला दोष सापडला नाही. कापून टाकू का, विचारलं, तर हमूद नको म्हणाला. मग कुणी घेईना, म्हणून मी घेतली. मला कुणी फोन करत नाही आणि माझा फोन मी तिला जोडलेला नाही.

हो, तीच. बाहेर उभी आहे ती पांढरी. उठा आता, उशीर झाला. मतर, तू तुझ्या गाडीनं जा. झहरान, तुला मी सोडतो.

पण तू मागे बस.